रात्री स्थलांतर करणारे पक्षी घरबसल्या खरंच ऐकू येतात का? त्यासाठी महागडा माईक लागतो का?

येतात. माईक नंतर हौस वाटली तर घ्या. मी इंग्लंडमध्ये रेडिंगला राहतो, त्यामुळे इथलं सांगतो.

सुरुवात ऑक्टोबरात रेडविंगपासून करावी. कस्तुर कुळातला हा पक्षी स्कॅन्डिनेव्हियातून उत्तर समुद्र ओलांडून हिवाळ्यासाठी इकडे येतो, बहुतेकदा रात्रीच. रात्री हवा गार आणि शांत असते, ससाण्याची भीती कमी, शिवाय दिवस खायला मोकळा मिळतो. अंधारात एकमेकांचा पत्ता राहावा म्हणून साद देत उडतात. ती 'सीऽऽप' अशी असते: दात मिटून श्वास आत ओढल्यासारखी बारीक, शेवटाकडे उतरणारी. अर्ध्या सेकंदात संपते. 'आला वाटतं' म्हणेपर्यंत पक्षी पुढच्या गल्लीवर. स्वर इतका उंच की उतारवयात तो ऐकू येईनासा होतो. घरात शाळकरी पोरं असतील तर त्यांना सोबत बसवा.

माईकपेक्षा रात्र निवडा. दोन-चार दिवस पाऊस आणि उलटा वारा असला की पक्षी पलीकडे अडकून पडतात. वारा पूर्वेचा झाला, आभाळ निवळलं की एकदम निघतात. इथे आल्यावर ढग खाली असतील तर तेही खालून उडतात आणि जास्त बोलतात. घोंघावता वारा असेल तर सरळ झोपा.

जागरण नको असेल तर फोन खिडकीत रेकॉर्डिंगला लावून ठेवा. सकाळी अख्खी रात्र ऐकत बसायची नाही. ऑडॅसिटी हे आवाज संपादनाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, त्यात स्पेक्ट्रोग्राम उघडा, म्हणजे आवाजाचं चित्र: डावीकडून उजवीकडे वेळ, खालून वर स्वराची उंची. गाड्यांची घरघर तळाशी दिसते, रेडविंग बराच वर, ६ ते ९ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात, छोटी तिरकी रेघ. नजर बसली की भराभर चाळून होतं. मर्लिन ॲप आवाजावरून पक्ष्यांची नावं सुचवतं, पण डोळे झाकून लिहून घेऊ नका. कस्तुर कुळातल्याच ब्लॅकबर्डची उडतानाची साद रेडविंगच्या फार जवळची आहे. आणि मध्यरात्री रस्त्यावरच्या दिव्याजवळ गाणारा बहुधा रॉबिन. तो कुठे निघालेला नसतो!

वटवट्यांच्या कुळातले बहुतेक पक्षी इथून रात्री मुक्यानेच जातात, तेव्हा ऐकू आले तेवढेच गेले असं समजू नका. उलट उदाहरण एप्रिल २०२० चं. कॉमन स्कोटर हे काळं समुद्री बदक वसंतात आयरिश समुद्राकडून पूर्वेला जाताना इंग्लंडच्या जमिनीवरून, शिट्ट्या मारत जातं. जात होतं आधीपासूनच, पण लॉकडाऊनमध्ये गाड्या-विमानं थांबली आणि कितीतरी लोकांनी ते आपल्या अंगणातून ऐकलं.

तुम्ही महाराष्ट्रातून विचारत असाल तर आधी रातबगळ्याचा 'क्वाक्' आणि टिटवी पक्की करा. रात्री डोक्यावरून ओरडत जाणारे बहुतेकदा हेच, आणि ते तळ्या-शेतापर्यंतच चाललेले असतात. मग सप्टेंबर-ऑक्टोबरात धरणाजवळच्या एखाद्या गच्चीवर फोन रेकॉर्डिंगला लावून बघा.