दहा नंबरचा परतीचा रस्ता

"पोरगा इतका चांगला खेळत होता, आता मैदानाचं नाव काढत नाही. जबरदस्ती करू की सोडून देऊ?" वर्षातून आठ-दहा पालक तरी मला हे विचारतात. कधी फुटबॉल, कधी कबड्डी, कधी धावणं. सगळ्यांना हो किंवा नाही एवढंच उत्तर हवं असतं. मला ते देता येत नाही, म्हणून एका पोराचं सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

नागपूर जिल्ह्यातल्या उमरेडच्या बाजूचं गाव. पोरगा तेरा वर्षांचा, आठवीत. त्याचं नाव लिहीत नाही, आणि गावातही ते आता फारसं कुणी घेत नाही. किराणा दुकानदारापासून सख्ख्या मावशीपर्यंत सगळे त्याला ‘दहा नंबर’ म्हणतात. शाळेची फुटबॉल टीम तालुक्यात जिंकली, जिल्ह्याला गेली, तेव्हा पाठीवर तोच आकडा होता.

पोळ्याच्या आधीच्या गुरुवारी वडील त्याला घेऊन ग्रामीण रुग्णालयातल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत आले. चार एकराचे कास्तकार, कपाशी आणि सोयाबीन. खुर्चीत बसायच्या आधीच बोलायला लागले.

"मॅडम, पैले हा बॉल सोडून जेवाले उठत नोता. आता पहाटे उठवलं तर पोट दुखते म्हणते. काय झालं याले, तुमीच पाहा."

मी पोराला विचारलं, "काय झालं बेटा?"

"काई नाई. कंटाळा आला."

चूक माझीच. बाप शेजारी बसलेला असताना असा प्रश्न विचारायचा नसतो, हे मी दुसऱ्यांना शिकवते. पण बाहेर रांग होती आणि पोळ्याची घाई.

आमच्या भागात पोर दमतं, खेळायला नको म्हणतं, तर आधी सिकलसेलची तपासणी करून घ्यायची. विदर्भात हा रक्ताचा आनुवंशिक आजार इतका आहे की नुसत्या बोलण्यावर विसंबणं बरं नाही. रक्त दिलं, सिकलसेल नव्हता. मात्र प्रयोगशाळेकडे जाताना तो व्हरांड्याच्या तीन पायऱ्या एकेक करून, उजवा पाय आखडून उतरला. तेरा वर्षांचं पोर तीन पायऱ्या एका उडीत उतरतं. डॉक्टरांनी पँट वर करून पाहिलं तर गुडघ्याच्या वाटीखाली सुपारीएवढा उंचवटा. बोट लावलं की तोंड वाकडं.

याला ऑसगुड-श्लाटर म्हणतात. उंची भराभर वाढत असते त्या वयात नडगीच्या हाडाचा वरचा भाग अजून पक्का झालेला नसतो, आणि मांडीचा स्नायू प्रत्येक उडीला, प्रत्येक किकला तिथेच ओढ देतो. खेळणाऱ्या मुलांत हे नेहमी दिसतं. वाढ पूर्ण झाली की बहुतेकांचं दुखणं थांबतं, पण तोवर भार कमी करावा लागतो, बर्फ लावावा लागतो. चार महिन्यांपासून दुखत होतं. त्याने कुणाला सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर सरांनी बाहेर बसवलं असतं आणि बाबांनी नागपूरला नेलं असतं, म्हणजे आणखी खर्च. स्टडचे बूट उसनवारीवर आणले होते, ते त्याला माहीत होतं.

इथे थांबले असते तर गोष्ट सोपी होती: गुडघा दुखतो, आराम करा. पण मैदान नकोसं होण्याचं कारण नुसता गुडघा असता तर दुखणं समजल्यावर पोराचा चेहरा सैल पडला असता. तो पडला नाही.

पुढच्या गुरुवारी मी वडिलांना बाहेर चहा घ्यायला पाठवलं. आधी जे विचारायलाच हवं ते विचारलं: कुणी मारतं का, चिडवतं का, नको तिथे हात लावतं का. तीनही वेळा मान हलवून नाही म्हणाला, आणि माझ्याकडे बघत म्हणाला, म्हणून पुढे गेले. मग एक कोरा कागद दिला. म्हटलं, मॅचचा दिवस काढ, उठल्यापासून झोपेपर्यंत, आणि पोट दुखतं तिथे फुली मार.

त्याने एक आडवी रेघ ओढली. साडेचारला उठणं, चहा, बाबांची मोटरसायकल, बावीस किलोमीटर, मैदान, वॉर्मअप, मॅच. माझी नजर मॅचवर. तिथे फुली नाही. हरल्यावर सर ओरडतात, तिथेही नाही. पेन्सिल रेल्वे फाटकापाशी थांबली आणि फाटकापासून गावच्या पाटीपर्यंत त्याने फुल्याच फुल्या मारल्या. सगळ्या परतीच्या रस्त्यावर.

"इथं काय होते?"

"बाबा सांगतात."

"काय सांगतात?"

"मॅच. पैल्यापासून. कुठं पास द्याचा होता, काऊन नाई दिला. जिंकलो तरी सांगतात." थोडा वेळ गेला. "मी मांगं बसून हो हो म्हणतो. रडलो तरी त्यायले दिसत नाई."

समोरासमोर बसून बोलणाऱ्या माणसाला समोरचा चेहरा थांबवतो. मोटरसायकलवर तो चेहरा पाठीमागे असतो. बावीस किलोमीटर बापाने रस्त्याकडे बघून बोलायचं आणि पोराने बापाच्या शर्टाकडे बघून ऐकायचं. त्याच वर्षी त्याची उंची भसाभस वाढली होती. या वयात पाय आधी लांब होतात आणि त्यांचा अंदाज यायला वेळ लागतो. जो पास डोळे मिटून जायचा तो आता चुकत होता. का चुकतो हे त्याला कळत नव्हतं, आणि घरी जाताना त्याच पासचा हिशोब.

वडिलांना हे सांगायचं का, ते मी आधी त्याला विचारलं. "सांगा. पण रडतो ते नका सांगू." ते तेव्हा सांगितलं नाही, पुढे त्याने स्वतःच परवानगी दिली, म्हणून इथे लिहिते.

वडील ऐकून बराच वेळ गप्प राहिले. मला वाटलं, चिडतील.

"मले फुटबॉलातलं काय समजते, मॅडम? मी खेळलो नाई कधी. राती मोबाइलवर व्हिडिओ पाहतो, ते ध्यानात ठेवतो, अन् याले सांगतो. वावरातून आल्यावर झोप येते तरी पाहतो."

बाप वाईट नव्हता हो. खेळाडूंना सरकारी नोकरीत 5 टक्के आरक्षण आहे, दहावीला वाढीव गुण मिळतात, हे त्यांनी कुठूनतरी ऐकलं होतं. कापसाच्या भावावर भरवसा नाही, मग पोराच्या पायावर ठेवला. त्यांना ‘स्पर्धेचं ओझं टाकू नका’ असं ऐकवून काय होणार होतं? मी बोटांवर तास मोजायला लावले. सकाळी शाळेचा सराव दीड तास, सहा दिवस. संध्याकाळी क्लबचा दोन तास, चार दिवस. सतरा तास झाले, रविवारची मॅच वेगळीच. क्रीडावैद्यकात एक साधा हिशोब वापरतात: आठवड्याचे सरावाचे तास मुलाच्या वयापेक्षा जास्त नकोत. शिवाय आठवड्यात एक-दोन दिवस पूर्ण सुट्टी, आणि वर्षातून सगळे मिळून दोन-तीन महिने त्या खेळापासून लांब. त्यांनी पुन्हा मोजलं. सतराच आले. या सतरा तासांत तान्हा पोळा, पोरांचा लाकडी नंद्यांचा सण, तोही गेला होता. धाकट्या बहिणीचा लाकडी नंदी दरवर्षी हाच सजवायचा.

ठरलं ते एवढंच. गुडघ्यासाठी उड्या आणि किक बंद, किती दिवस ते डॉक्टर सांगतील. क्लब दिवाळीपर्यंत बंद, शाळेच्या सरावाला जायचं की नाही ते पोरगा ठरवेल. आणि गाडीवर मॅचचं बोलायचं नाही, त्याने स्वतःहून काढल्याशिवाय.

"मंग बावीस किलोमीटर बोलू काय?" वडिलांनी खरंच विचारलं.

"कपाशीचं बोला."

शाळेतले सर नाराज झाले. त्यांच्याकडे चाळीस पोरं आणि एक शिट्टी. चांगला खेळाडू ऐन मोसमात गेला तर राग येणारच. त्यांना मी गुडघ्याची चिठ्ठी पाठवली, बाकीचं पाठवलं नाही.

एक गोष्ट मात्र मी दर भेटीत तपासत होते. पोरगा जेवतो का, झोपतो का, मित्रांत मिसळतो का. हा मिसळत होता; खळ्यात लहान पोरांना जमवून गोलकीपर होत होता. फुटबॉलसोबत बाकी सगळ्यातूनच मन उडालं असेल, दोन आठवडे तसंच चाललं असेल, मरणाच्या गोष्टी निघत असतील, तर तो प्रश्न खेळाचा नाही. तेव्हा मानसोपचारतज्ज्ञाकडे जायचं. जवळ कुणी नसेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा फुकट नंबर आहे.

यंदा त्याने जिल्ह्याच्या टीमसाठी नाव दिलं नाही. आठवड्यातून दोनदा शाळेत खेळतो, कधी एकदाच. परवा वडील एकटेच खोलीत आले. पिशवीतून ते स्टडचे बूट काढून टेबलावर ठेवले.

"याले लहान झाले, मॅडम. नवे घेऊ का थांबू? पुढच्या साली खेळीन का तो?"

"मला नाही सांगता येणार, भाऊ. त्यालाच विचारा."

"तो बाहेर गाडीजवळ उभा आहे."

"मग विचारा."

बूट पिशवीत टाकून ते बाहेर गेले.