रक्तगट एकच आहे, लग्न करावे का?

साक्षगंध उरकून पंधराच दिवस झालेले चंद्रपूर जिल्ह्यातील एक जोडपे माझ्याकडे आले होते (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत). दोघांचाही रक्तगट बी पॉझिटिव्ह असल्याचे कळताच मुलाच्या मावशीने, एका रक्तगटाच्या नवरा-बायकोची मुले अधू निघतात, असे सांगितले आणि दोन्ही घरांची झोप उडाली. विवाहपूर्व समुपदेशनात हाच प्रश्न मला सर्वाधिक वेळा विचारला जातो. रक्तगट एकच असल्याने अपत्यात कोणताही दोष येत नाही. स्त्री आरएच निगेटिव्ह आणि पुरुष पॉझिटिव्ह असेल तर गरोदरपणात लक्ष ठेवावे लागते, पण त्यावरही अँटी-डी इंजेक्शनचा उपाय आहे.

दोघे सुटल्यासारखे हसले. मी विचारले, "सिकलसेलची तपासणी झाली आहे का?"

सिकलसेल हा आई-वडिलांकडून येणारा रक्ताचा आनुवंशिक आजार. पदवीधर असूनही मुलाने ती तपासणी केलेली नव्हती. रक्त तपासणे म्हणजे रक्तगट, फार तर एचआयव्ही, एवढेच त्याला ठाऊक होते. मुलगी मात्र गप्प झाली. शाळेतल्या तपासणीत तिला 'एएस', म्हणजे सिकलसेलची वाहक (स्वतः रुग्ण नाही, पण दोष मुलांकडे जाऊ शकतो), असे लिहिलेले कार्ड मिळाले होते. आईने ते कपाटात ठेवून, सोयरीक जुळेपर्यंत कोणाला सांगू नको, असे बजावले होते. मला त्या आईचा राग आला नाही. वाहकालाच रोगी समजणाऱ्या गावात ते कार्ड उघड करणे मुलीला किती महाग पडते, हे तिला माझ्यापेक्षा अधिक कळत होते.

मुलाची सिकलसेलसाठीची प्राथमिक सोल्युबिलिटी चाचणी पॉझिटिव्ह आली. ही चाचणी वाहक आणि रुग्ण यांत फरक दाखवत नसल्याने तो फरक दाखवणारी एचपीएलसी ही रक्तचाचणी केली, आणि तोही एएसच निघाला.

"म्हणजे चार मुलांत एक आजारी?" त्याने विचारले. बहुतेकांची समजूत येथेच चुकते. हा हिशेब चार मुलांत वाटला जात नाही, तो प्रत्येक गरोदरपणात नव्याने मांडला जातो: मूल एसएस, म्हणजे रुग्ण, होण्याची शक्यता 25 टक्के, वाहक होण्याची 50 टक्के आणि दोन्हींतून मुक्त असण्याची 25 टक्के. एसएस मुलाला वारंवार होणाऱ्या असह्य वेदना, रक्तक्षय आणि जंतुसंसर्ग यांविषयी मी काहीही सौम्य करून सांगितले नाही. त्याचबरोबर हायड्रॉक्सियुरियासारख्या औषधाने त्रास बराच कमी होतो, आणि गर्भ दहा-बारा आठवड्यांचा असताना वारेचा सूक्ष्म नमुना घेऊन निदान करता येते, हेही सांगितले. दोघे वाहक असल्यास लग्न करूच नका, असे काही सहकारी स्पष्ट बजावतात. मी तसे म्हणत नाही, कारण तो निर्णय माझा नाही.

तासाभराने मुलाने विचारले, "घरी आधी हिचे सांगू की माझे?"

मुलगी म्हणाली, "दोन्ही कार्डे एकदमच ठेवू समोर. एकटे माझे ठेवले तर दोष माझ्यावरच येईल."