इन्ट्रोव्हर्ट माणसाने गर्दीच्या दिवसात बाहेरच थोडा वेळ शांत ब्रेक कसा घ्यावा?

लायब्ररी. माझं पहिलं उत्तर हेच, कारण तिथे गप्प बसणं हाच नियम असतो, कोणी येऊन "एकटा का बसलायस" असं विचारत नाही. पण रीडिंग हॉलमध्ये नको, आत जुन्या जाड ग्रंथांच्या रॅककडे जा, तिकडे सहसा कोणी फिरकत नाही, आणि खुर्ची अशी धरायची की पाठ भिंतीला लागेल, मागून कोणी येतंय का याकडे अर्धं लक्ष जात नाही मग.

दुसरं म्हणजे बाग. यात बाक कुठला निवडता त्याने खूप फरक पडतो, चालायच्या रस्त्याकडे तोंड असलेला घेतलात तर येणारा प्रत्येक चेहरा डोकं वाचत बसतं, झाडांकडे तोंड करून बसा. रेचेल आणि स्टीफन कॅप्लन या मानसशास्त्रज्ञांनी १९८० च्या दशकात हेच मांडलं होतं, की हलणारी पानं, पाणी, ढग अशा गोष्टी लक्ष अलगद धरून ठेवतात, जोर लावावा लागत नाही, त्यामुळे थकलेलं लक्ष भरून येतं.

म्युझियममधलं कमी गर्दीचं दालनही चालतं, फक्त तिकीट असतं बऱ्याच ठिकाणी.

१०-१५ मिनिटं काढा, पण पार थकायच्या आधी. आणि फोन बॅगेत टाका प्लीज, चॅट चालू असेल तर ती पण माणसंच आहेत ना! सोबतच्यांना सरळ सांगा, "मी जरा पाय मोकळे करून येते", एवढं पुरतं, जास्त कारणं द्यायची काहीच गरज नसते.