रेल्वेची नोकरी सोडून अमेरिकेत कोचिंगला येऊ का, असं विचारणाऱ्या मुलीला

तुझा प्रश्न वाचला आणि डोक्यातून जाईना, म्हणून लिहायला बसले. तू लिहिलंयस की नागपूरची आहेस, महाराष्ट्राकडून बास्केटबॉलच्या नॅशनल्स खेळलीस, स्पोर्ट्स कोट्यातून रेल्वेत क्लार्क आहेस, पतियाळाला एनआयएसचा (राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा) कोचिंगचा कोर्स झालाय आणि आता मिडवेस्टमधल्या एका कॉलेजने ग्रॅज्युएट असिस्टंट म्हणून बोलावलंय, म्हणजे मास्टर्स करता करता टीमच्या कोचिंगला मदत, फी माफ आणि थोडा स्टायपेंड. नोकरी सोडू का आणि पुढे इकडेच कोच म्हणून करिअर होतं का, हा प्रश्न. फॉर्म, फी, आय-ट्वेंटी (व्हिसासाठी कॉलेज देतं तो कागद) हे सगळं सरकारी साइटवर नीट दिलंय, ते मी सांगत बसत नाही. मी पुण्याची, खेळताना तुझ्यासारखीच गार्ड (बॉल पुढे नेणारी), आणि बरीच वर्षं इकडे मुलींच्या टीमची असिस्टंट कोच आहे.

पहिली गोष्ट. असिस्टंट कोचची नोकरी कागदावर कॉलेजची असते, खरी ती हेड कोचची असते. तिने तुला आणलं, ती गेली की तू पण गेलीस. मार्चमध्ये कॉन्फरन्सची, म्हणजे आपल्या गटातल्या कॉलेजांची, टूर्नामेंट संपली की हेड कोचला काढायचे दिवस सुरू होतात, आणि नवीन येणारी स्वतःची माणसं घेऊन येते, तुझ्या गार्ड्स किती सुधारल्या हे विचारायला कोणी थांबत नाही. इथल्या असिस्टंट सामान गाडीत टाकतात आणि दुसऱ्या राज्यात जातात. आपल्याला एच-वन-बीवर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर, नोकरी गेली की जास्तीत जास्त ६० दिवस. तेवढ्यात दुसऱ्या कॉलेजने सर्च कमिटी बसवायची, इंटरव्ह्यू घ्यायचा, बॅकग्राउंड चेक करायचा आणि व्हिसाचं पिटिशन फाइल करायचं. युनिव्हर्सिटीला एच-वन-बीच्या लॉटरीची भानगड नाही ही मोठी सोय आहे, मान्य, पण घड्याळ चालूच असतं. माझ्यावर ही वेळ आलीये, त्या दिवसांत मी रोज रात्री तीनला उठून ईमेल बघायचे.

कागदांचं अजून एक, ते आठवलं की आत्ताही डोकं तापतं. माझी एच-वनची फाइल परत आली, प्रश्न असा की या कामाला ठरावीक विषयाचीच डिग्री लागते हे सिद्ध करा. का, तर कॉलेजने जुनी जाहिरात तशीच उचलून लावलेली आणि त्यात लिहिलेलं 'कुठल्याही विषयातली पदवी'. एका ओळीने मला सगळा हिवाळा टांगणीला लावलं, मग हेड कोचचं पत्र, दुसऱ्या कॉलेजांच्या जाहिराती, माझ्या बायोमेकॅनिक्सच्या मार्कशीटपर्यंत सगळं जोडलं. तेव्हा पुढे कुठेही अर्ज केलास तर आधी जाहिरातीतलं डिग्रीचं वाक्य वाच. आणि स्पोर्ट्स मॅनेजमेंट घेतलंस तर ओपीटी, म्हणजे डिग्रीनंतर काम करायची परवानगी, १२ महिनेच, म्हणजे मेमध्ये पास झालीस तर पुढच्या वसंतातला हायरिंगचा एकच सीझन हातात येतो.

ग्रॅज्युएट असिस्टंटला एफ-वनवर, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर, टर्म चालू असताना आठवड्याला जास्तीत जास्त २० तास काम, हे तुला माहीतच असेल. बास्केटबॉल सीझन २० तासांत बसत नाही. प्रॅक्टिस, फिल्म, शनिवारची मॅच, बसने रात्री परत, मोज तूच. तास कोण लिहिणार आणि काय लिहिणार हे हेड कोच आणि इंटरनॅशनल ऑफिस दोघांकडून लेखी घे, कारण उद्या काही झालं तर व्हिसा तुझा जातो, त्यांचं काही जात नाही.

आता कामाबद्दल, कारण मी त्यासाठीच इथे आहे. समोरच्या टीमचा स्काउट तुझ्याकडे येतो, म्हणजे त्यांच्या मागच्या चार-पाच मॅचेस बघायच्या, प्रत्येक सेट (ठरवलेली चाल) कापून वेगळा काढायचा, कोणती गार्ड डावीकडेच ड्राइव्ह करते, कोणती पोस्ट प्लेअर (बास्केटजवळ खेळणारी) उजव्या खांद्यावरूनच वळते, आणि ते दोन पानांत बसवायचं कारण मुली तिसरं पान वाचत नाहीत. बाहेरगावी असलो की हॉटेलच्या हॉलमध्ये कार्पेटवर टेप लावून लेन आखते, टेबलं बाजूला सारायची आणि मुली मोज्यांवर बॉल स्क्रीन या चालीची वॉकथ्रू, म्हणजे चालत तालीम, करतात. आपल्याकडे शॉट क्लॉक, म्हणजे बास्केटवर बॉल टाकायची मुदत, २४ सेकंदांचं, इथे कॉलेजला ३०, त्यामुळे एक सेट फसला तर दुसरा खेळायला वेळ असतो आणि बेंचवरून खूप काही करता येतं. संध्याकाळच्या मॅचला ती गार्ड खरंच डावीकडे जाते आणि आपली मुलगी आधीच तिथे उभी असते, ते बघून मला आजही जो आनंद होतो तो स्वतः बास्केट केल्यावर कधी झाला नव्हता. हे मला भारतात मिळालं नसतं. आपल्याकडे कोच म्हणजे शिट्टी आणि अटेंडन्स, पाच जणी मिळून एका टीमवर डोकं लावतात असं चित्रच नाही.

पण ज्या मुलीला वर्षभर डाव्या हाताची लेअप घोटून घोटून शिकवली ती एप्रिलमध्ये ट्रान्सफर पोर्टलमध्ये, म्हणजे कॉलेज बदलायचंय अशा खेळाडूंच्या यादीत, नाव टाकते आणि दुसरीकडे जाते. त्याची सवय होत नाही, मला तरी झाली नाही. कॉलेज डिव्हिजन थ्रीमध्ये, म्हणजे कॉलेज खेळांच्या तिसऱ्या गटात, असेल तर खेळाची स्कॉलरशिप देताच येत नाही, मग रिक्रूटिंग म्हणजे निम्मा वेळ आई-बापांशी फीबद्दल बोलणं, आणि बऱ्याच ठिकाणी व्हॅन पण असिस्टंटच चालवते, तेव्हा आल्याआल्या लायसन्स काढ. सगळ्यात वरच्या डिव्हिजन वनमध्ये २०२३ पासून आणखी दोन कोच ठेवता येतात म्हणून खालच्या पायरीला जागा वाढल्यात, पगार बेताचेच.

एकटेपणाबद्दल विचारलंयस. सीझनमध्ये वेळ मिळत नाही, उन्हाळ्यात रिक्रूटिंग असतं, एप्रिल जड जातो. बास, त्याला घाबरून ठरवू नको.

लग्न झालंय का ते तू लिहिलं नाहीस. तू एफ-वनवर असलीस की नवऱ्याला एफ-टू व्हिसा, त्यावर काम करता येत नाही, आणि एच-वनवालीच्या नवऱ्याला एच-फोर, त्यावर पण बहुतेकांना नाही. माझा नवरा पुण्यात चांगला इंजिनियर होता, इथे काही वर्षं तो डबे भरायचा आणि मुलीला शाळेत सोडायचा. तो एका शब्दाने बोलला नाही, आणि त्यानेच मला जास्त त्रास झाला. आणि मुलीची शाळा. नवीन गावात ॲडमिशनच्या फॉर्मवर 'घरी कोणती भाषा बोलता' तिथे मी मराठी लिहिलं, अभिमानाने लिहिलं. शाळेने तिला इंग्लिश न येणाऱ्या मुलांच्या वर्गात बसवलं. जन्म इथला, आम्हाला इंग्लिशचे उच्चार ती शिकवते, आणि तिला रोज गणिताच्या तासाला उठवून न्यायचे. मी पत्रं लिहिली, टेस्ट परत घ्यायला लावली, तोवर वर्ष संपत आलेलं. तेव्हापासून ती घरी माझ्याशी मराठी बोलत नाही, मी मराठीत विचारते आणि ती इंग्लिशमध्ये उत्तर देते. तिच्या आजीला फोनवर काय बोलायचं ते मी शेजारी बसून सांगते.

तू दिव्या सिंगचं नाव घेतलंस, भारताची कॅप्टन, २००८ ते २०१० डेलावेअर युनिव्हर्सिटीत स्पोर्ट्स मॅनेजमेंट करताना तिथल्या मुलींच्या टीमबरोबर कोचिंग केलं. ते बरोबर आहे, पण ती परत गेली आणि २०११ मध्ये आपल्या १६ वर्षांखालच्या मुलांच्या टीमची असिस्टंट कोच झाली. इथे डिग्री आणि दोन सीझन शिकून घरी जायचं, हा पण एक रस्ता आहे आणि मी तो घेतला नाही. घ्यायला हवा होता का, मला आजही ठरवता येत नाही. आई दर दिवाळीला विचारते, मेन कोच कधी होणार, आणि मी म्हणते होईन.

राजीनामा लगेच देऊ नको. अभ्यासरजा किंवा बिनपगारी रजा मिळते का ते ऑफिसात लेखी विचार, रेल्वेची नोकरी एकदा गेली की परत येत नाही. हेड कोचशी झूमवर बोलशील तेव्हा स्टायपेंडच्या आधी तिच्या कॉन्ट्रॅक्टची किती वर्षं उरलीत ते विचार, आणि आधीच्या ग्रॅज्युएट असिस्टंट आता कुठे आहेत तेही. नावं सांगायला ती का-कू करायला लागली तर मला कळव. ऑफर लेटर आलं की तासांचं जिथे लिहिलंय ते पान पाठव, मी वाचून सांगते.