प्रोजेक्टमध्ये अडकलेला आवाज

प्रिय मित्रा,

काल ऐकवलेल्या गाण्यातला तुझा पॅड, तो सिंथेसायझरवर केलेला मागे लांबत राहणारा आवाज, अजून कानात आहे. वेगळा सेव्ह केलास का, असं विचारलं तर म्हणालास, "गाण्याच्या प्रोजेक्ट फाइलमध्ये आहेच की!" तेवढ्यासाठी हे लिहितोय.

प्रोजेक्ट सिंथची सेटिंग्ज जपतो, पण त्या गाण्यापुरतीच. उद्या तिथेच सहज दुसरा प्रीसेट, म्हणजे ठेवणीतला तयार आवाज, लावून पाहिलास आणि सवयीनं सेव्ह दाबलंस, की आधीचा आवाज गेला. माझा गेलाय. एका नाटकासाठी पेटीच्या भात्यासारखा श्वास घेणारा पॅड केला होता. आवाजाची धार कापणारा फिल्टर बराच खाली, त्यावर तो हळू वरखाली हलवणारा अगदी संथ एलएफओ. दुसऱ्या अंकाला तोच हवा होता. तीन रात्री बसलो. जवळपास पोचलो, पण तो काही सापडला नाही.

१९७०च्या मिनीमूग सिंथला मेमरीच नव्हती. वादक कागदावर प्रत्येक नॉबची जागा काढून ठेवायचे. १९७८मध्ये मेमरी असलेला प्रॉफेट-५ सिंथ आला, तेव्हा एका बटणावर ठेवणीतला आवाज परत येणं ही केवढी चैन वाटली असेल! आपल्याला ती फुकट मिळते, म्हणून आळस करू नकोस.

तू एबलटन या संगीताच्या सॉफ्टवेअरवर काम करतोस. सिंथचा प्रीसेट सिंथमध्येच सेव्ह केलास तर फक्त सिंथ राहील, आणि तुझ्या पॅडचं निम्मं रूप मागच्या रिव्हर्बमध्ये, म्हणजे आवाज घुमवणाऱ्या इफेक्टमध्ये आहे. म्हणून सिंथ आणि इफेक्ट्स एकत्र निवड, ग्रुप करून रॅक, म्हणजे सगळ्यांचा एकच संच बनव, फिल्टर आणि रिव्हर्ब मॅक्रोवर, म्हणजे रॅकच्या दर्शनी नॉबवर घे आणि रॅकच्या पट्टीवरचं फ्लॉपीचं चित्र दाब. रॅक यूझर लायब्ररीत जाईल. त्या फोल्डरचा बॅकअप ठेव.

नाव देताना 'पॅड नवा फायनल २' नको. 'पॅड – पहाट, संथ, खर्जात छान' असं दे. सहा महिन्यांनी तूच शोधणार आहेस. नव्या गाण्यात घेतलास की फिल्टर त्या गायकाच्या पट्टीला जुळवून घे, आणि तो बदल वेगळ्या नावानं ठेव, मूळ रॅकवर नको.

रॅकमध्ये प्लगिन, म्हणजे बाहेरून बसवलेला सिंथ किंवा इफेक्ट, स्वतः नसतो, फक्त त्याची सेटिंग्ज असतात. नव्या लॅपटॉपवर प्लगिन नसेल तर रॅक मुका. म्हणून चार-पाच स्वर लांब धरून वेव्ह फाइलही काढून ठेव.

आज रात्री झोपण्याआधी तेवढा एक पॅड सेव्ह कर, आणि नाव काय दिलंस ते मला कळव.

तुझा,
दादा