युनिट विकले, पण ६६१ रुपये कुठे गेले?

प्रश्न : एका इक्विटी म्युच्युअल फंडात मी १८ महिने दरमहा ५,००० रुपयांची एसआयपी केली. मुलीच्या कॉलेजच्या फीसाठी सर्व १,७०० युनिट विकले. त्या दिवशी एनएव्ही (एका युनिटची किंमत) ६० रुपये होती, म्हणजे १,०२,००० रुपये मिळायला हवे होते. खात्यात १,०१,३३९ रुपयेच आले. हा कर आहे की एजंटचे कमिशन?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : यातील ६६० रुपये ना कर आहेत, ना कमिशन, तो ‘एक्झिट लोड’, म्हणजे लवकर बाहेर पडण्याचे शुल्क आहे. बहुतेक इक्विटी योजनांत एका वर्षाच्या आत विकलेल्या युनिटवर तो १ टक्का असतो आणि नफ्यावर नव्हे, तर विक्रीच्या पूर्ण रकमेवर लागतो. तोटा झाला असता तरी तो कापला गेलाच असता. एसआयपी सुरू होऊन दीड वर्ष झाले, मग लोड कसला, असे आपल्याला वाटणे स्वाभाविक आहे. परंतु प्रत्येक हप्ता ही स्वतंत्र खरेदी मानली जाते आणि वर्ष त्या त्या हप्त्याच्या तारखेपासून मोजले जाते. आपण पाठविलेल्या खातेउताऱ्यात पहिल्या सहा हप्त्यांचे ६०० युनिट वर्ष ओलांडलेले दिसतात, त्यांना लोड नाही. उरलेले १,१०० युनिट ६० ऐवजी ५९.४० रुपयांनी विकले गेले. ही रक्कम फंड कंपनीच्या खिशात जात नाही. २०१२ पासून ती त्याच योजनेत, म्हणजे मागे राहिलेल्या गुंतवणूकदारांसाठी जमा होते.

उरलेला १ रुपया हा ०.००१ टक्का दराचा रोखे व्यवहार कर, अर्थात एसटीटी.

विक्रीत आधी घेतलेले युनिट आधी जातात. त्यामुळे फीपुरते ३६,००० रुपयेच काढले असते, तर लोड लागलाच नसता. एका योजनेतून दुसरीत ‘स्विच’ करणे हीसुद्धा विक्रीच धरली जाते, हे मात्र अनेकांना लोड कापला गेल्यावरच कळते.

प्राप्तिकर यातून कापलेला नाही, कारण निवासी गुंतवणूकदाराच्या विक्रीवर टीडीएस होत नाही. त्या १,१०० युनिटवरील ५,३४० रुपयांचा नफा अल्पकालीन असून त्यावर २० टक्के दर लागू आहे. ६०० युनिटवरील ६,००० रुपये दीर्घकालीन आहेत आणि आपला असा इतर नफा नसल्यास १.२५ लाखांच्या वार्षिक सवलतीत बसतात. विवरणपत्रात दोन्ही नोंदी वेगवेगळ्या दाखवाव्यात.