परीकथेचं विडंबन, उपहास की नक्कल?

प्रश्न असा: जुन्या परीकथेची फिरकी घेणाऱ्या अ‍ॅनिमेशन लघुपटाला मराठीत काय म्हणावं? उपहासपट, नक्कल की आणखी काही?

नेमका शब्द ‘विडंबन’. केशवकुमार म्हणजे आचार्य अत्रे यांच्या ‘झेंडूची फुले’मुळे तो कवितेशी जोडला गेला, पण चित्रपटालाही चपखल बसतो. उपहास माणसाचा होतो, संस्थेचा होतो, रूढीचा होतो. त्यासाठी समोर मूळ कलाकृती असावीच लागते असं नाही. विडंबनाला मात्र ती लागतेच. मूळ साचा ओळखू आला पाहिजे आणि आतला ऐवज पालटलेला पाहिजे. नक्कल नुसत्या लकबी उचलते.

‘लाल टोपीवाली’च्या परीकथेवर बेतलेला, अमेरिकी अ‍ॅनिमेशन दिग्दर्शक टेक्स एव्हरीचा लघुपट ‘रेड हॉट रायडिंग हूड’ (एमजीएम स्टुडिओ, 1943) घ्या. सुरुवात अगदी गोडगोड: जंगल, लाल टोपडं घातलेली मुलगी, निवेदकाचा लाडिक आवाज. तेवढ्यात लांडगा वैतागतो. तेच तेच किती दिवस करायचं म्हणून निवेदकाशी भांडतो. मुलगी आणि आजीही त्याला सामील होतात. मग गोष्ट नव्याने सुरू होते ती हॉलिवूडमध्ये. मुलगी नाइटक्लबातली गायिका, लांडगा रंगेल शौकीन. फ्रेंच लेखक शार्ल पेरोच्या 1697 च्या कथेत लांडगा आजीला गिळतो. इथे आजीच लांडग्याच्या मागे लागते आणि त्याची पळता भुई थोडी होते. पात्रं तीच, आजीचं घरही आहे, फक्त शिकार कोण ते उलटलं. म्हणून हे विडंबन. मूळ गोष्ट माहीत नसलेल्याला आजीच्या पाठलागातली निम्मी गंमत कळणार नाही.

आता वापराबद्दल. ‘परीकथेचं विडंबन’ म्हणा, ‘परीकथेवर विडंबन’ नको. ‘लाल टोपीवालीचं विडंबन’ म्हटलं की मुलीची खिल्ली उडवल्यासारखं वाटतं, तिथे ‘लाल टोपीवालीच्या गोष्टीचं’ असं लिहावं. ‘विडंबनपट’ हा सामासिक शब्द, तो जोडूनच लिहायचा. लांबी सांगायची असेल तर ‘विडंबनात्मक लघुपट’ सुटसुटीत.

सगळ्यात जास्त घोटाळा ‘विटंबना’शी होतो. विटंबना म्हणजे अप्रतिष्ठा: पुतळ्याची, मृतदेहाची. ‘परीकथेची विटंबना’ लिहिलंत तर ती दिग्दर्शकावरची तक्रार ठरेल. आणि ‘ही केवढी विडंबना!’ हा प्रयोग हिंदीतून आलेला. त्या जागी आपल्याकडे ‘दैवदुर्विलास’ किंवा ‘विपर्यास’ आहे, संदर्भ पाहून निवडावा.